जुन्या इंजिनाला बायोडिझेल देताना: तेल कुठलं, किती आणि कसं

माझं बेंच बेळगावात उद्यमबागेत आहे. डिझेल पंप आणि नोझल उघडायचे, साफ करायचे, दाब देऊन फवारा बघायचा आणि परत बसवून द्यायचे, हा माझा धंदा. खानापूर, कडोली, येळ्ळूर, निपाणी अशा सगळ्या बाजूंनी पंपसेटची, पॉवर टिलरची, जनरेटरची इंजिनं येतात. अलीकडे नोझल टेबलावर ठेवता ठेवता बरेचजण विचारतात, "मेस्त्री, बायोडिझेल घातलं तर इंजिन बसतंय व्हय?" आणि लगेच पुढचा प्रश्न असतो, "लिटरमागं किती सुटतील?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. माल चांगला असेल आणि पायरीपायरीनं दिला तर इंजिन बसत नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी उलटा प्रश्न करतो: तेल कुठलं आहे? बायोडिझेलचा फायदा, हवेचा असो की पैशाचा, टाकीत मोजायला गेलात तर थोडाच दिसतो. तो तेल जिथून निघालं तिथं मोजावा लागतो. पुढं जे काही सांगणार आहे ते याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी हे डोक्यात पक्कं करा

गाळलेलं तळणीचं तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. करंजेल म्हणजेही बायोडिझेल नव्हे. तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालून ५५ ते ६० अंशांवर ढवळलं की तेलाचा जड रेणू फुटतो, वर हलकं इंधन येतं आणि खाली काळपट ग्लिसरीन बसतं. शंभर किलो तेलाला सुमारे अकरा किलो मिथेनॉल खर्ची पडतं आणि त्यातून साधारण शंभर किलो बायोडिझेल, दहा किलो ग्लिसरीन निघतं. मग ते इंधन धुऊन, वाळवून, गाळून घेतात. एवढं झाल्यावरच ते टाकीत घालण्याजोगं होतं.

हा फरक मी रोज डोळ्यांनी बघतो. ४० अंश तापमानाला कच्चं तेल डिझेलच्या दसपट दाट असतं. नोझल सुमारे २०० बार दाबानं त्याचं धुकं करायला जातं, पण धुकं होतच नाही, धार पडते. धार नीट जळत नाही. नोझलच्या तोंडावर कोळशाची फुलं धरतात, रिंगा चिकटतात, आणि न जळलेलं तेल खाली चेंबरात उतरून इंजिन ऑइल दाट करून टाकतं. "भज्याचं तेल फडक्यानं गाळून निम्मं डिझेल घातलं, आठवडाभर झकास चाललं" असं सांगणारे भेटतात. आठवडाभर चालतंच. त्यानंतर ते इंजिन माझ्याकडं येतं.

कुणी म्हणेल की डिझेलचं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. खरं आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्या भागात भुईमूग पिकतो, म्हणून ही गोष्ट मला जवळची वाटते. पण त्या काळची इंजिनं आणि आजचे बारीक भोकांचे नोझल यांत फार अंतर आहे.

दुसरं, हे परसात उकळायचं काम नाही. मिथेनॉल ६५ अंशांच्या आत उकळतं, त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, ते कातडीतून अंगात जातं आणि पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. विष म्हणून ते विकत घ्यायला आणि साठवायला कायद्याची बंधनं आहेत. मुलंबाळं असलेल्या घरात, चुलीशेजारी, प्लास्टिकच्या बादलीत हा उद्योग कुणी करू नये असं मला कळकळीनं वाटतं. आपण तेल गोळा करावं, बी गोळा करावं, आणि रसायनाचं काम परवाना असलेल्या कारखान्याला करू द्यावं.

तेल कुठलं?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २००२ साली इंजिनांच्या चाचण्यांचा आढावा काढला होता. डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळलं तर धुराड्यातून येणारी काजळी सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के आणि न जळलेलं इंधन २१ टक्के कमी होतं असं त्यात दिसलं. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र सुमारे दोन टक्के वाढली. ही वाढही सांगायला हवी. सगळंच कमी होतं असं सांगणाऱ्यावर भरवसा ठेवू नका. काजळी कमी होण्याचं कारण असं की बायोडिझेलच्या वजनात सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो. इंधन स्वतःबरोबर थोडी हवा घेऊन आल्यासारखं जळतं. मळणीच्या वेळी बंदिस्त खळ्यात इंजिन चालतं, बायका-माणसं त्या धुरात तासन्‌तास उभी असतात. तिथं ही १० टक्के काजळी मला महत्त्वाची वाटते.

आता कार्बनचं बघा. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि तो जमिनीखाली गाडलेला कार्बन असतो. बायोडिझेलचा कार्बन झाडानं हवेतूनच घेतलेला असतो. पण म्हणून ते फुकट पडत नाही. शेती, खत, वाहतूक, मिथेनॉल, सगळं धरावं लागतं. युरोपीय संघाच्या २०१८ च्या निर्देशात हा हिशेब तेलाच्या जातीनुसार मांडलेला आहे: वापरलेल्या तळणीच्या तेलाच्या बायोडिझेलला खनिज इंधनाच्या मानानं ८४ टक्के कार्बनची बचत धरली आहे, आणि सांडपाणी उघड्या खड्ड्यात सोडणाऱ्या गिरणीतल्या पाम तेलाच्या बायोडिझेलला फक्त २०. त्यात जंगल तोडून पाम लावलं असेल तर तेवढंही उरत नाही. टाकीत दोन्ही सारखीच दिसतात, इंजिन दोन्हींवर सारखंच चालतं.

आपला देश खाद्यतेलही निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो, आणि कच्चं खनिज तेल तर ८५ टक्क्यांवर. एक आयात वाचवायला दुसरी आयात जाळायची यात मला काही अर्थ दिसत नाही. म्हणून आपल्या भागापुरती दोनच तेलं मला पटतात: तळून संपलेलं आणि बांधावरच्या करंजाचं.

तळणीच्या तेलाचा नियम फरसाणवाल्यांना आणि हॉटेलवाल्यांना माहीत असायला हवा. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं १ जुलै २०१८ पासून तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात वाढणारे खराब घटक) मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यावर गेलेलं तेल खाण्यात वापरायचं नाही. त्याच वर्षी १० ऑगस्टला, जैवइंधन दिनी, वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडं वळवायची योजनाही सुरू झाली. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते आणि उरलेलं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यावं लागतं.

प्रत्यक्षात काय होतं? थोडं तेल गटारात जातं. शहापूर-वडगावच्या शिवारातून जाणाऱ्या बळ्ळारी नाल्याचं पाणी भाताच्या शेतात शिरतं तेव्हा काय काय घेऊन येतं ते तिथल्या शेतकऱ्यांना विचारा. आणि त्याहून वाईट म्हणजे काळं झालेलं तेल स्वस्तात विकलं जातं, आणि ते परत कुणाच्या तरी कढईत जातं. शाळेबाहेरच्या गाड्यावर मुलं जे खातात ते तेल कितव्यांदा तापलेलं आहे हे कोण सांगणार? एक डबा काळं तेल बायोडिझेलकडं गेलं की तो डबा त्या गाड्यावर जात नाही. मला विचाराल तर पर्यावरणाच्या सगळ्या आकड्यांपेक्षा हा फायदा मोठा आहे.

तेल द्यायचं असेल तर एवढं करा. तळण संपल्यावर तेल कोमट असताना बारीक जाळीतून गाळा, चुरा खाली राहू द्या. झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. पाणी असलेल्या तेलाचा कारखान्यात साबण होतो आणि भाव पडतो. डबे उन्हात ठेवू नका. गोळा करणाऱ्याकडं प्राधिकरणाची नोंदणी आहे का बघा, आणि दर वेळी लिटर लिहिलेली पावती घ्या. एकट्या गाड्यावाल्याकडं तेल थोडंच निघतं, म्हणून खडेबाजार, गणपत गल्लीसारख्या ठिकाणी चारपाच दुकानांनी मिळून एक पिंप ठेवलं तर गाडी यायला परवडते.

करंजाचं गणित वेगळं आहे. करंज, आमच्याकडं कन्नड बोलणारे होंगे म्हणतात, खानापूरकडं ओढ्याच्या काठानं, रस्त्याच्या कडेनं आपसूक उभा आहे. शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, मुळं हवेतला नत्र धरतात, त्याचं तेल पूर्वी दिव्यात जळत होतं. शेंगा उन्हाळ्याच्या तोंडापासून वाळून पडतात. सोलून, बी उन्हात खडखडीत वाळवून घाण्याला नेलं की चार किलो बियांना साधारण एक लिटर तेल पडतं आणि तीन किलोच्या जवळपास पेंड उरते. बी ओलं राहिलं किंवा पावसात भिजलं तर तेलात आम्ल वाढतं आणि कारखान्यात ते आधी वेगळं काढावं लागतं. म्हणून वळवाच्या आधी वेचणी झाली पाहिजे.

पेंड हीच खरी कमाई. तिच्यात सुमारे चार टक्के नत्र असतो. म्हणजे पाच क्विंटल पेंडीत जवळजवळ युरियाच्या एका पोत्याइतका नत्र, तोही हळूहळू लागू पडणारा, आणि शेतातल्या किडीलाही ती मानवत नाही. मात्र जनावराला घालू नका, ती कडू आणि विषारी असते. नवीन झाड लावणाऱ्यानं चारपाच वर्षं तरी थांबायची तयारी ठेवावी. पिकाच्या जागी करंज लावा असं मी कधीच सांगणार नाही. बांध, ओढ्याचा काठ, पडीक तुकडा एवढीच त्याची जागा.

पैशाचा हिशेब

वही काढा आणि स्वतःचे दर घाला. मी उदाहरणाला सोपे आकडे घेतो. समजा डिझेल ९० रुपये लिटर आहे आणि बायोडिझेल ८० ला मिळतंय. बायोडिझेलमध्ये डिझेलपेक्षा ताकद आठ-दहा टक्के कमी असते, म्हणून २० टक्के मिश्रणाला दीड-दोन टक्के इंधन जास्त लागतं. जिथं १०० लिटर डिझेल लागायचं तिथं १०२ लिटर मिश्रण धरा. त्यात ८१.६ लिटर डिझेलचे ७,३४४ आणि २०.४ लिटर बायोडिझेलचे १,६३२, मिळून ८,९७६ रुपये. नुसत्या डिझेलचे ९,००० झाले असते. शंभर लिटरमागं २४ रुपये सुटले.

पाच एचपीचं पंपाचं इंजिन पूर्ण भारावर तासाला लिटर-सव्वा लिटर पितं. रताळ्याला किंवा बटाट्याला पूर्ण हंगाम पाणी दिलं तरी त्या २४ रुपयांत फिल्टरसुद्धा येणार नाही. या हिशेबात बायोडिझेल ८१ च्या वर गेलं की उलट खिशातून जातात. म्हणून केवळ स्वस्त पडतं म्हणून कुणी बायोडिझेलकडं वळत असेल तर त्याला मी थांबवतो.

पैसा कुणाला सुटतो? ज्याचं तेल आहे त्याला. फरसाणवाल्याला ओतून द्यायच्या मालाचे पैसे मिळतात. बांधावर करंज असलेल्या घराला तेलाचे मिळतात आणि पेंड शेतात राहते. वेचणीच्या मजुरीचे पैसे गावातल्या बायकांच्या हातात पडतात, तेही उन्हाळ्यात, जेव्हा शिवारात दुसरं काम नसतं. गावातल्या पाचपंचवीस घरांनी मिळून बी घाण्याला नेलं आणि तेलाच्या बदल्यात कारखान्याकडून बायोडिझेल ठरवून घेतलं, तर हिशेब पूर्ण बदलतो. अशा ठिकाणी नोझलवाला म्हणून माझाही एक आकडा सांगतो: एकदोन टक्के बायोडिझेलनंसुद्धा डिझेलचा वंगणपणा वाढतो. हल्लीचं डिझेल गंधक काढलेलं असतं आणि गंधकाबरोबर वंगणपणाही जातो. पंपाचा प्लंजर डिझेलच्याच वंगणावर चालतो, वेगळं ऑइल त्याला मिळत नाही.

माल तपासून घ्या

महामार्गाच्या कडेला बायोडिझेलच्या नावाखाली रॉकेलसारखं काहीही विकणारे असतात. खऱ्या बायोडिझेलला भारतीय मानक १५६०७ लागू आहे. त्या मानकाचा चाचणी-दाखला मागा, त्या लॉटचाच मागा, आणि पक्कं बिल घ्या.

घरी दोन गोष्टी बघता येतात. पहिली घनता. खऱ्या बायोडिझेलची १५ अंशांना ०.८६ ते ०.९० असते, डिझेलची ०.८४५ च्या आत. साधा हायड्रोमीटर घेतला की झालं. उन्हाळ्यात आकडा थोडा खाली दिसेल. दुसरी, पाण्याची. काचेच्या बाटलीत निम्मं पाणी, निम्मं बायोडिझेल घालून जोरात हलवा आणि अर्धा तास ठेवा. दोन्ही स्वच्छ वेगळी झाली तर ठीक. मध्ये दह्यासारखा जाड थर राहिला तर माल अर्धवट झालेला किंवा साबणाचा आहे, परत करा.

तिसरी चाचणी सगळ्यात पक्की, पण तिला मिथेनॉल लागतं, म्हणून ती एखाद्या कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेतच करून घ्या: २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली नमुना. चांगलं बायोडिझेल पूर्ण विरघळतं. तळाशी थेंब बसले तर त्यात कच्चं तेल किंवा डिझेल आहे.

इंजिनाला देताना

आधी इंजिन ओळखा. पंपसेट, पॉवर टिलर, जुना ट्रॅक्टर, जुना जनरेटर, म्हणजे ज्यांचा पंप निव्वळ यांत्रिक आहे, त्यांना २० टक्क्यांपर्यंत देता येतं. नव्या बीएस-६ गाड्यांना वेगळं काही मिसळू नका. त्यांचा धुराचा फिल्टर साफ करायला इंजिन जास्तीचं इंधन सोडतं. बायोडिझेल लवकर उडत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. डिझेलच्या मानकात सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं, तेवढंच तिथं ठीक. कंपनीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते आधी वाचा, वॉरंटी असेल तर नक्कीच.

टाकी रिकामी करून तळाचं पाणी आणि गाळ काढा. हे टाळू नका. बायोडिझेल जुना गाळ सोडवतं, आणि वर्षानुवर्षं टाकीला चिकटलेला सगळा मळ फिल्टरवर येऊन बसतो. इंजिन चढावर दम सोडायला लागलं की लोक बायोडिझेलला शिव्या देतात. चोंदलेला असतो तो फिल्टर. म्हणून नवा फिल्टर खिशात ठेवूनच सुरुवात करा, पहिल्या एकदोन टाक्यांनंतर तो बदला, आणि बदलल्यावर हवा नीट काढा.

नळ्या बघा. साधं रबर बायोडिझेलमध्ये फुगतं, मऊ होतं. २० टक्क्यांना चांगली नळी टिकते, पण आधीच तडकलेली असेल तर आत्ताच बदला. साठवायला जस्ताचा पत्रा आणि तांब्या-पितळेची भांडी वापरू नका, इंधन खराब होतं. लोखंडी किंवा जाड प्लास्टिकचं पिंप चालतं.

पहिल्या टाकीला पाच टक्के, पुढं दहा, मग वीस. टाकीत आधी डिझेल घाला आणि वरून बायोडिझेल; ते जड आहे, खाली उतरता उतरता मिसळतं. आधी बायोडिझेल ओतलं तर ते तळाशीच बसून राहतं. डब्यात ढवळून मग घातलं तर उत्तमच. थंडीत हे काम दुपारी करा. बेळगावात डिसेंबरच्या पहाटे पारा १२-१३ पर्यंत उतरतो आणि तळून उरलेल्या पामोलिनचं बायोडिझेल तेवढ्याला गढूळ होऊन त्यात मेणासारखे कण धरतात. अशा दिवसांत दहा टक्क्यांवर या, किंवा पहाटे पंप सुरू करायचा असेल तर नुसतं डिझेल ठेवा.

इंजिन ऑइलची काडी रोज बघा. पातळी वर चढत असेल तर इंधन खाली उतरतंय, नोझल तपासून घ्या.

पावसाळ्याचं विसरू नका. खानापूरकडं जून लागला की पंपसेट महिनोन्‌महिने उभा राहतो. बायोडिझेल हवेतलं पाणी ओढतं, त्यात जंतू वाढून शेवाळासारखा चिकट थर धरतो, आणि सहा महिन्यांवर ते ठेवूही नये. मे संपायच्या आत मिश्रण जाळून टाका, शेवटचे काही तास नुसत्या डिझेलवर इंजिन चालवा म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये डिझेलच राहील, आणि टाकी काठोकाठ डिझेलनं भरून झाकण घट्ट लावा. रिकाम्या जागेत हवा राहते, हवेतलं पाणी रात्री पत्र्यावर जमतं आणि तळाला उतरतं.

आणि काही बिघडलंच, तर नोझल घरी तारेनं टोकरू नका. पंप तसाच आणा. सोबत जुना फिल्टर पिशवीत घालून आणा, टाकीच्या तळाचं इंधन काचेच्या बाटलीत भरून आणा, आणि किती टक्के घातलं, कुठून घेतलं, ते बिल दाखवा. फिल्टर कापून बघितला आणि बाटली उजेडात धरली की दोष मालाचा आहे की टाकीच्या मळाचा, हे पंप उघडायच्या आधीच कळतं आणि तुमचा निम्मा खर्च वाचतो.